वरडतंय का धडकतंय

"मी मघापास्नं सांगतोय, त्येच्यात कायतरी वरडतंय."

"वरडत न्हाई. धडकतंय."

पहिलं वाक्य आत्तींचं, दुसरं आबांचं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, आबा म्हणजे सासरे. बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढंच सांगते की कोल्हापुरात बायका 'मी सांगतोय', 'मी आलो' असंच बोलतात, त्यात व्याकरण शोधायला जाऊ नये. भांडण चाललं होतं मागच्या पडवीतल्या कपडे वाळवायच्या ड्रायरवरून. पाऊस तरणा होता, म्हणजे पुनर्वसूचा. ऊन बघून अकरा दिवस झाले होते, सोप्यात आडव्या-तिडव्या चार दोऱ्या बांधलेल्या, त्यावर लेकराचा शाळेचा गणवेश तिसऱ्या दिवशीही दमटच. आणि नेमक्या त्या आठवड्यात ड्रायरनं आवाज काढायला सुरुवात केली.

गंमत म्हणजे दोघंही आपापल्या जागी ठाम होते. आत्तींना कुईं ऐकू येत होतं, म्हणजे रहाटाला तेल नसल्यावर जसं येतं तसं, बारीक आणि कानात दाभण घातल्यागत. आबांना ते अजिबात ऐकू येत नव्हतं. त्यांनी मशीनच्या पत्र्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हे बघ पोरी, हात लाव. धड-धड-धड-धड. कोण म्हणतंय वरडतंय?"

मी हात लावला. धडकत होतं. कान दिला, ओरडतही होतं.

आबा उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वसाहतीत, चौतीस वर्षं टर्नर होते, लेथ या यंत्रावर धातू कातायचं काम. लेथवर उभं राहून त्यांनी उसाच्या चरकाचे बुश केले, म्हणजे आस ज्यात फिरतो त्या धातूच्या नळ्या, पंपांचे शाफ्ट केले, ऑइल इंजिनांचे बारके-मोठे भाग केले. कानात बोळे घालायची पद्धत तेव्हा नव्हती, आणि कुणी घातले असते तर बाकीचे हसले असते. तीन वर्षांपूर्वी कानाच्या डॉक्टरांनी त्यांचा आलेख काढून दाखवला. खालच्या पट्टीत रेघ बऱ्यापैकी सरळ, आणि वरच्या पट्टीत, ४००० हर्ट्झच्या आसपास, एकदम खड्ड्यात. गोंगाटात काम केलेल्या माणसाचा कान आधी तिथंच जातो, असं डॉक्टर म्हणाले. त्यामुळे आबांना ट्रक ऐकू येतो, ढग ऐकू येतात, शेजारच्या तालमीतला दणका ऐकू येतो, पण कुकरची शिट्टी येत नाही. बोलण्यातला स आणि श जातो, चची धार जाते, कारण ही अक्षरं सगळी वरच्या पट्टीतली. 'साखर आण' म्हटलं की त्यांच्यापर्यंत नुसतं 'आखर' पोचतं आणि ते आत्तींकडं बघतात. चाळीस वर्षांच्या संसारात आत्तींना अजून वाटतं की हे मुद्दाम चाललंय.

तर प्रश्न असा होता की एकाच मशीनमध्ये दोन रोग आहेत, का दोन माणसांना एकच रोग दोन तऱ्हांनी कळतोय.

ड्रायर आमच्याकडं २०१७ साली आला. त्याआधी पावसाळ्यात जे सगळ्यांच्या घरी चालतं तेच आमच्याकडं चालायचं. माझ्या माहेरी तर शेगडीत निखारे घालून त्यावर डालगं पालथं टाकायचे आणि डालग्यावर बाळाची दुपटी, लंगोट पसरायचे. धुराचा एक वास दुपट्याला कायमचा लागायचा. तो वास मला अजून आवडतो, पण ओल्या जीनला तो उपाय लागू पडत नाही. ड्रायर आल्यावर आत्तींनी पहिले दोन महिने त्याच्याकडं पाठ फिरवली. "कापडं भाजत्यात त्येच्यात" असं त्यांचं मत. ते मत २०१९ च्या ऑगस्टमध्ये बदललं. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट. त्या साली पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि शिरोळ तालुक्यातली आत्तींच्या माहेरची सात माणसं आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात आली, अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी. ड्रायर तेव्हा जवळजवळ पंधरा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत फिरला. एक शब्द बोलला नाही.

आता सांगायची गोष्ट ही की त्या पंधरा दिवसांनी त्याचं काही बिघडलं नाही. बिघडवलं ते बाकीच्या वेळानं. आमचा ड्रायर वर्षातले चार महिने चालतो आणि आठ महिने त्याच्यावर पापडांचे डबे, जुनी रद्दी आणि लेकराचं हेल्मेट असतं. हे का महत्त्वाचं ते पुढं येईल.

सुरुवातीला आमच्या ह्यांनी उपाय केला. गंजलेले नटबोल्ट सोडवायचा जो फवारा मिळतो, तो आणून मागच्या फटीतून फिसफिस मारला. दोन दिवस शांतता. आत्ती खूश. तिसऱ्या दिवशी दुप्पट कुईं. मग दुरुस्तीला एक मुलगा बोलावला. त्यानं मशीन एकदा चालू करून बंद केलं, खाली वाकलासुद्धा नाही, आणि म्हणाला, "ड्रम असेंब्लीच बदलावी लागेल, मॅडम." आकडा ऐकून आबांना मात्र लगेच ऐकू आलं.

"ड्रमला काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"आवाज येतोय नव्हं काका."

"आवाज ड्रम करतोय हे तुला कुणी सांगितलं?"

मुलगा निरुत्तर झाला, किंवा त्याला पुढच्या घरी जायचं होतं. गेला.

मी हायस्कुलात गणित शिकवते. त्यामुळे धडधड ऐकली की मोजावीशी वाटणं हा माझा धंद्याचा दोष आहे. आबांचंही तेच म्हणणं होतं, फक्त त्यांचं मोजणं हातानं. ते म्हणाले, "हे ड्रमचं न्हाई. ड्रम एवढ्या घाईत नसतोय." म्हणजे असं की ड्रमला पोचा पडला असेल किंवा त्याच्या पट्टीचा जोड वर आला असेल, तर दणका ड्रमच्या एका फेऱ्याला एकदाच बसेल. आणि ड्रम काही भिंगरीसारखा फिरत नाही.

तो का फिरत नाही, हे मला या निमित्तानं पहिल्यांदा नीट कळलं. धुण्याच्या मशीनमध्ये शेवटी कपडे पिळले जातात तेव्हा फेरे मिनिटाला हजाराच्या घरात असतात आणि कपडे जत्रेतल्या मौत का कुआँमधल्या मोटारसायकलसारखे भिंतीला चिकटतात. ड्रायरमध्ये तसं होऊन चालत नाही. कपडा वर जायला हवा, माथ्याजवळ पोचल्यावर सुटायला हवा आणि गरम हवेतून खाली पडायला हवा. पडतानाच तो वाळतो. आमच्या ५७ सेंटीमीटर व्यासाच्या ड्रमचं गणित मांडलं तर मिनिटाला साधारण ५६ फेऱ्यांना कपडा भिंत सोडायचं बंद करतो. म्हणून ड्रायर त्याच्या थोडं अलीकडं, पन्नासच्या आसपास राहतो. चिकटायला चार-सहा फेरे कमी. हे वाचून मला मशीन बनवणाऱ्याबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

आम्ही लेकराला आतल्या खोलीत घालवलं, वरचं झाकण सोडवलं, आणि ड्रमच्या बाहेरच्या अंगाला मी खडूनं एक रेघ मारली. रिकामं मशीन चालू केलं. खडूची रेघ मिनिटात ५० वेळा वर आली. मग धडधड मोजायला लागले तर जमेना, फारच भराभर. फोनवर आवाज टिपून सावकाश वाजवला. दहा सेकंदांत ६८ दणके. म्हणजे ड्रमच्या एका फेऱ्यात आठाच्या किंचित वर. ड्रमला टेकून फिरणारं काहीतरी त्याच्या एका फेऱ्यात स्वतः आठ फेरे घेत असेल, तर ते ड्रमच्या आठव्या हिश्शाएवढं असणार. ५७ ला आठ पूर्णांक काहीतरीनं भागलं की सात येतात. पुढचं सांगताना मला थोडा चेव आला होता, हे कबूल करते. "आबा, आत सात सेंटीमीटर व्यासाचं काहीतरी गोल आहे, आणि ते गोल राहिलेलं नाही."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "मग उघड की," म्हणाले.

वायर भिंतीतून काढली. आबांनी डिसमिस, पाना आणि एक जुना टॉवेल घेतला. आमच्या गावाला यंत्र उघडून बघायची खोड जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, आणि उद्यमनगरातला कुठलाही म्हातारा मिस्त्री ती गोष्ट काल घडल्यासारखी सांगतो. तेव्हा एक ड्रायर म्हणजे काय. पुढचा पत्रा निघाला, पट्टा सैल केला.

पट्टा काढल्यावर आबांनी पहिली गोष्ट केली ती ड्रम हातानं फिरवायची. सावकाश, दोन्ही तळव्यांनी, परात फिरवावी तसा. धड-धड आलं. कुईं आलं नाही. मी आत्तींना हाक मारली. त्या कणकेचे हात घेऊन आल्या, कान लावला आणि म्हणाल्या, "आता वरडत न्हाई." झालं. दोन रोग होते. पट्टा काढल्यावर जो आवाज राहतो तो ड्रमला धरून ठेवणाऱ्यांचा. जो जातो तो पट्ट्याच्या वाटेवरचा. एवढी साधी कसोटी, आणि त्या मुलाला तिच्यासाठी पाच मिनिटं काढावीशी वाटली नाहीत.

मग ड्रम बाहेर काढला आणि मला प्रथमच दिसलं की हा एवढा मोठा पिंप आत कशाच्या आधारावर फिरतो. मागच्या पत्र्यावर, खालच्या अंगाला, डावी-उजवीकडं दोन रबरी चाकं. पुढच्या कडेला तशीच दोन. त्या चारांवर ड्रम नुसता ठेवलेला. मधून आरपार आस नाही, वरून टांगलेला नाही. कडेनं जाड नमद्याची पट्टी, हवा आणि धागे निसटू नयेत म्हणून. आणि भोवताली एक चपटा, आतून रेघारेघांचा पट्टा, जो ड्रमच्याच पाठीवरून जातो. म्हणजे ड्रम हीच मोठी पुली, आणि मोटरची पुली जेमतेम अंगठ्याच्या जाडीची. मधल्या या फरकामुळंच मिनिटाला हजारांत पळणारी मोटर ड्रमला पन्नासवर आणते.

"ही उलटी बैलगाडी हाय," आबा म्हणाले. मी विचार केला तर खरंच तसं होतं. गाडीत चाकं रस्त्यावरून जातात. इथं चाकं जागच्या जागी आणि रस्ता त्यांच्यावरून गोल गोल जातोय.

आबांनी मागचं डावं चाक काढून हातात दिलं. व्हर्निअरनं मोजलं. एका बाजूनं ७० मिलिमीटर. वळवून मोजलं, ६८ आणि थोडं. मी काही बोलले नाही, पण आमच्या नववी ब मधली मुलं तिथं असायला हवी होती असं वाटलं. रबरावर अंगठा फिरवला तर एका ठिकाणी सपाट, जशी खडूची कांडी फळ्यावर एकाच बाजूनं घासून सपाट होते.

ही सपाटी म्हणजे त्या आठ महिन्यांची करणी. ड्रम जिथं थांबतो तिथंच राहतो. त्याचा भार चाकाच्या एकाच बिंदूवर. रबर हे काही लोखंड नव्हे, ते दबतं, आणि सावकाश दबलेल्या आकाराला सरावतं. थोडे दिवस उभं राहिलं असेल तर चालू केल्यावर दहा मिनिटं धडधडतं, रबर गरम होतं, पुन्हा गोल होतं, आवाज जातो. पण ड्रायरच्या उष्णतेनं वर्षानुवर्षं कडक झालेलं रबर, त्यावर आठ महिन्यांची बैठक, मग ते परत येत नाही.

त्यात भारही वाटतो त्याहून जास्त असतो. दोघी जणींनी मिळून पाण्याची घागर उचलली तर प्रत्येकीला निम्मं वजन यावं, पण दोघी एकमेकींपासून लांब उभ्या राहिल्या आणि हात तिरके झाले की दोघींनाही निम्म्याहून जास्त पडतं. चाकांचंही तेच. ती ड्रमच्या बरोबर खाली नसतात, दोन अंगांना तिरकी असतात. जितकी लांब, तितका ड्रम डुगडुगत नाही, पण तितकाच चाकाला दाब जास्त. मशीनवर 'आठ किलो' असे जे छापील आकडे असतात ते वाळलेल्या कपड्यांचे. ओली चादर उचलून बघा म्हणजे कळेल.

आता खिळा. चाक ज्या पोलादी खिळ्यावर फिरतं तो खिळा फिरत नाही, चाकच फिरतं. त्यामुळे चाकातला बुश सगळीकडून सारखा झिजतो, आणि खिळा मात्र एकाच अंगानं, ड्रमच्या दिशेच्या. आबांनी खिळा उजेडात धरला. वरच्या बाजूला नखात अडकेल एवढी खाच. खालची बाजू कालच लेथवरून उतरल्यासारखी. "बैलगाडीत आस खालनं झिजतोय," ते म्हणाले, "कारण गाडी त्येच्यावर बसलेली. हितं वरनं. सगळं उलटं." त्यांनी खिळ्याचा नट सोडवला, खिळा अर्धा वळवला आणि न झिजलेली बाजू वर आणली. "नवी चाकं येस्तोवर हे." एका पैशाचाही खर्च न करता दुसरं आयुष्य. हे मला त्या दिवसातलं सगळ्यात देखणं काम वाटलं.

बुशाची गोष्ट आणखी न्यारी. तो साधा पितळी नव्हता. काशाचा भुगा साच्यात दाबून, भट्टीत भाजून केलेला. त्यामुळे आत डोळ्याला न दिसणारी छिद्रं राहतात आणि त्यांत तेल मुरवतात, आकारमानाच्या जवळजवळ पाचव्या हिश्शाएवढं. फिरताना गरम झाला की तेल बाहेर येतं, थांबला की परत आत. आबा म्हणतात, "घामेजतोय त्यो." बाहेरून तेल घालावं लागू नये म्हणून केलेली युक्ती. पण कपड्यांचे बारीक धागे तिथवर पोचले की टिपकागदासारखे ते तेल पिऊन टाकतात. आणि आमच्या ह्यांनी मारलेल्या फवाऱ्यानं तर उरलंसुरलं तेल धुऊन काढलं, वर स्वतः दोन दिवसांत उडून गेला, आणि मागं ठेवला धागे आणि तेल यांचा काळा चिखल. तेव्हापासून तो फवारा आबांनी कुलपात ठेवलाय. बैलगाडीच्या काळी वंगणाचं नळकांडं गाडीखालीच लटकत असायचं, कधीही काढा, चोपडा. ती सवय या मशीनला चालत नाही. रबराला तेल लागलं तर फुगतं, पट्ट्याला लागलं तर घसरतो, नमद्याला लागलं तर काही बोलायलाच नको.

धागे किती निघाले म्हणाल तर उशीत भरता येतील एवढे. आणि सगळे करडे. घरात लाल, पिवळं, हिरवं काय काय धुतलं जातं, पण धाग्यांचा रंग कायम करडाच का, हे मला अजून सुटलेलं नाही. त्याच ढिगात एक रुपया, केसांचे दोन आकडे आणि आत्तींच्या ब्लाउजचा एक हूक सापडला. पुढच्या कडेला त्या हुकानं ड्रमवर गोल चरा ओढला होता. म्हणजे मधूनच येणारी ती खर्र होती. तिच्याबद्दल कुणी तक्रारच केली नव्हती.

राहता राहिलं आत्तींचं कुईं. ते निघालं ताणपुलीचं. पट्टा सैल पडू नये म्हणून स्प्रिंगच्या जोरावर त्याला दाबून धरणारी एक लहान पुली असते, मशीनच्या तळाशी, मोटरजवळ. पट्टा सेकंदाला दीड मीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगानं जातो, पण ही पुली एवढीशी असल्यामुळं तिला मिनिटाला साडेपाचशेवर गिरक्या घ्याव्या लागतात. तिची पिन कोरडी पडली होती. कोरडे पृष्ठभाग घासताना सरळ घसरत नाहीत. क्षणभर धरतात, सुटतात, पुन्हा धरतात, असं सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. तोच किंचाळा. सारंगीच्या गजाचं तेच, फळ्यावर खडू उभा धरला की येणाऱ्या आवाजाचंही तेच. मी पोरांना सांगते, खडू मोडून अर्धा करा आणि तिरका धरा, थांबेल. पुली काही मोडून चालणार नव्हती.

शेजारच्या एकांकडं वेगळ्या घडणीचा ड्रायर आहे. त्यात मागच्या बाजूला मधोमध एक बोटाएवढा दांडा आणि तो बुशात बसलेला, आणि पुढं चाकंच नाहीत, प्लास्टिकच्या गुळगुळीत चकत्यांवर ड्रमची कड सरकते. तसल्या मशीनचा मागचा बुश गेला की दगडी जात्यासारखी घरघर येते, आणि चकत्या झिजल्या की पत्र्यावर पत्रा. बऱ्याचदा आवाज येण्याआधीच कपड्यांना काळसर डाग लागायला लागतात किंवा दाराच्या फटीत पदराचं टोक अडकतं. ड्रम थोडा खाली बसलेला असतो, म्हणून. आबांनी तोही परवा दार उघडून, ड्रमची वरची कड धरून उचलून बघितला. "नख जाईल एवढा प्ले हाय. अजून वर्षभर चालंल," असा निकाल दिला. शेजारीण दचकली, कारण ते चहाला गेले होते.

दुसऱ्या दिवशी आबा आणि मी उद्यमनगरात गेलो. त्यांच्या मित्राचं शेड अजून चालू आहे, मित्राचा मुलगा बघतो. आत शिरल्यावर कटिंग ऑइल, तापलेलं लोखंड आणि चहा यांचा मिळून एक वास येतो. आबा तिथं जरा उंच होतात. ईएन-८ पोलादाचा एक तुकडा त्यांनी लेथच्या चकमध्ये बांधला आणि ताणपुलीसाठी नवी पिन कातली. मग तिचा बुश, गनमेटलचा, म्हणजे काशाच्याच एका प्रकारचा. टूल लागलं की सोनेरी भुसा झरझर खाली पडायला लागला, झेंडूच्या पाकळ्या चुरडाव्यात तसा. मी बघत होते की त्यांचा डावा हात टूलपोस्टवर टेकलेला असतो. पोरगा म्हणाला, "काका, चॅटर येतंय." टूल थरथरल्याचा तो आवाज आबांनी ऐकला नव्हता. पण पोरगा बोलायच्या आधीच त्यांनी फीड, म्हणजे टूल पुढं सरकायची गती, कमी केली होती.

बुश त्यांनी पिनवर घालून बघितला. आपल्या वजनानं सावकाश घसरत खाली आला आणि अर्ध्यात थांबला. त्यांनी आणखी जरासा घासला. आता पूर्ण खाली आला, पण घाईत नाही. "असा," ते म्हणाले. किती मायक्रॉन वगैरे मी विचारलं नाही.

नवी चाकं कुरिअरनं यायला नऊ दिवस लागले. तेवढ्यात म्हातारा पाऊस सुरू झाला होता, पुष्याचा, आणि दोऱ्यांवर पुन्हा गर्दी. चाकं चारही बदलली. एक नवं आणि तीन जुनी ठेवली तर ड्रम तिरका बसतो आणि नव्याचंही मातेरं होतं, असं आबांचं म्हणणं. नमद्यावरचा चिखल मी जुन्या टूथब्रशनं काढला, तो काढायला लागलेला वेळ सांगत नाही.

चालू केलं तेव्हा घरातले सगळे पडवीत. पाऊस पत्र्यावर. मशीन नुसतं घोंघावत होतं, मधून मधून ओल्या टॉवेलचा मऊ दणका. आबांनी पत्र्यावर तळहात ठेवला, डोळे मिटले. बराच वेळ ठेवला. मग हात काढून आत्तींकडं बघितलं.

"गेलं का वरडायचं?"

"गेलं."

"मला कुठं कळतंय. तू म्हणत्येस तर गेलं," ते म्हणाले आणि डिसमिस पुसायला लागले. आत्ती काही न बोलता आत गेल्या आणि चहा टाकला. साखर दोन चमचे जास्त होती.

दसऱ्यानंतर ऊन कडक पडलं. गच्चीवर कपडे तासाभरात वाळतात, ड्रायरवर पुन्हा पापडांचे डबे चढले. पण दर सोमवारी सकाळी आबा डबे खाली उतरवतात, ड्रायरचं दार उघडतात, आत हात घालून ड्रम पाव फेरा वळवतात आणि दार लावतात, म्हणजे चाकं एकाच अंगावर बसून राहायला नकोत. आत्ती परवा देवपूजेची ताटली घेऊन जाताना तिथं थांबल्या.

"रिकाम्या डब्यात हात घालून काय हुडकाय लागलाय ओ?"

आबांना ऐकू गेलं नाही. त्यांनी ड्रम आणखी थोडा वळवला. मी मनातल्या मनात वाक्य तपासलं. त्यात एकही स नव्हता, श नव्हता, च सुद्धा नव्हता.